रेडिओवर चालणारा शर्यतीचा ट्रक : जुळणी, बिघाड आणि शोध

— द्वितीय वर्ष, कला शाखा

कला शाखेतील विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी लेख लिहावयाचा म्हटले की तो एखाद्या कवीवर, कादंबरीवर किंवा सामाजिक प्रश्नावर असणार, अशी वाचकांची सहज अपेक्षा असते. प्रस्तुत लेख एका यंत्रावर आहे, आणि तेही खेळण्यात जमा होणाऱ्या यंत्रावर. तरीही तो याच अंकासाठी लिहिण्याचे धाडस मी करीत आहे. कारण हे यंत्र जुळविताना माझ्या हातून जी मोठी चूक झाली ती वाचनाची होती, आणि वाचन हा आपल्याच शाखेचा विषय आहे.

आमच्या गावातील डॉक्टरसाहेबांच्या मुलाला त्याच्या मामांनी परदेशातून रेडिओ-नियंत्रित ट्रकचा सुटा संच आणून दिला होता. त्याने तो थोडा उघडला, परीक्षा जवळ आली तसा पेटीत टाकला, आणि पावसाळ्यात पेटीला ओल येऊन जुळणीची पुस्तिका खराब झाली. दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरसाहेब आपली मोटार घेऊन आमच्या गॅरेजवर आले तेव्हा ती पेटीही त्यांच्याबरोबर होती. "मोठ्या गाड्या जुळवता, ही छोटी जुळवून द्या," असे ते हसत म्हणाले. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "पुस्तक इंग्रजी असतंय. हा वाचील आणि जुळवील," असे त्यांनी सांगून टाकले. त्या संचाची किंमत माझ्या वर्षाच्या फीपेक्षा अधिक होती. काही मोडले तर भरून द्यावे लागेल, हे मला तेव्हाच समजले होते.

खराब झालेल्या पुस्तिकेऐवजी मी तीच पुस्तिका मोबाइलवर उतरवून घेतली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

यंत्राची ओळख

हा ट्रक खऱ्या ट्रकच्या एक-दशांश मापाचा असतो. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दहाने भागल्या म्हणजे आकारमान हजाराने भागले जाते. दीड हजार किलो वजनाची गाडी या हिशेबाने दीड किलोची होते, आणि असे ट्रक खरोखर साधारण दीड-दोन किलोचेच असतात. आमच्या संचात मागील दोन चाकांना गती होती आणि पुढील दोन चाके केवळ वळणासाठी होती. चाके जाड, टायरला रबराचे खिळे, चारही चाकांना स्वतंत्र शॉकअप, आणि वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचे कवच. या कवचाला आतील बाजूने रंग द्यावा लागतो, म्हणजे घसरड्यात रंग खरवडत नाही.

डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या गाडीपेक्षा हा प्रकार निराळा. माती, खडी, चढ-उतार आणि उड्या यांसाठीच त्याची रचना असते. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून वाळवंटी शर्यती भरू लागल्या. पुढे मिकी थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये लॉस अँजेलिसच्या कोलिझियम क्रीडागारात माती पसरून अशा गाड्यांची शर्यत प्रेक्षकांसमोर आणली. या क्रीडागारातील शर्यतींवरूनच छोट्या ट्रकांच्या एका वर्गाला 'स्टेडियम ट्रक' हे नाव पडले आहे.

थोडा इतिहास

तारेवाचून दूरची वस्तू हलविणे ही कल्पना जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात विद्युतलहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून व दारू पेटवून दाखविली. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे पाण्याच्या हौदात एक छोटी नाव बिनतारी आज्ञेने चालवून दाखविली. ती नाव ही आजच्या सर्व रेडिओ-नियंत्रित वाहनांची पूर्वज मानावयास हरकत नाही.

छंद म्हणून या गाड्या घरोघर पोचविण्यात जपानमधील शिझुओका येथील तामिया या कंपनीचा वाटा मोठा आहे. मुळात लाकडाच्या वखारीचा व्यवसाय असलेली ही कंपनी पुढे नमुने बनविण्याकडे वळली. १९७६ साली तिने पोर्शे ९३४ या मोटारीचा रेडिओ-नियंत्रित संच बाजारात आणला. मातीत पळणाऱ्या तिच्या पहिल्या गाड्या १९७९ साली आल्या. १९८४ मध्ये अमेरिकेतील असोसिएटेड या कंपनीने आर.सी. १० ही गाडी काढली आणि शर्यतीसाठीच आखलेल्या यंत्रांचे युग सुरू झाले. १९८५ पासून या मापाच्या मातीतील गाड्यांची जागतिक स्पर्धाही भरू लागली.

आज्ञा चाकापर्यंत कशी पोचते?

चालकाच्या हातातील यंत्रास आपण प्रेषक म्हणू व गाडीतील यंत्रास ग्राहक म्हणू. पूर्वी या दोहोंत एकमेकांशी जुळणारे स्फटिक बसवीत. एकाच मैदानावर दोघांचे स्फटिक सारखे निघाले तर एकाच्या आज्ञेने दुसऱ्याची गाडी भिंतीवर जाई. म्हणून एरिअलला रंगीत निशाण लावण्याची पद्धत होती. आता बहुतेक यंत्रे २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. तेथे प्रेषक व ग्राहक यांची एकदा ओळख करून द्यावी लागते. त्यानंतर ग्राहक फक्त आपल्याच प्रेषकाचे ऐकतो.

ग्राहकाकडून दोन तारा निघतात. एक वळणाच्या सर्व्होकडे जाते व दुसरी वेग-नियंत्रकाकडे. सर्व्हो म्हणजे छोटी मोटर, गिअर आणि स्वतःची जागा ओळखणारा एक रोधक यांची पेटी होय. ग्राहक दर सेकंदास साधारण ५० वेळा एक विद्युत्स्पंद पाठवितो. तो स्पंद १.५ मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्होची भुजा मध्यावर राहते. १ मिलिसेकंदाचा झाला तर एका बाजूस, २ मिलिसेकंदाचा झाला तर दुसऱ्या बाजूस वळते. वेग-नियंत्रकही हीच भाषा समजतो. तो त्या स्पंदाप्रमाणे मोटरला कमी-अधिक वीज देतो. शिवाय ग्राहकाला व सर्व्होला लागणारी ५ ते ६ व्होल्टची वीजही सामान्यतः वेग-नियंत्रकातूनच मिळते. बिघाड शोधताना या एका गोष्टीचा फार उपयोग होतो.

जुळणी

जुळणीस बसण्यापूर्वी एक पांढरे कापड व दहा-बारा वाट्या घ्याव्यात. संचातील पिशव्यांना अक्षरे दिलेली असतात. एका वेळी एकच पिशवी उघडावी आणि प्रत्येक मापाचा स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवावा. कापड अशासाठी की पडलेली वायसर त्यावर दिसते, फरशीवर दिसत नाही.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू स्वतःच आटे पाडीत जातो. तो एकदा काढून पुन्हा घालावयाचा असेल तर आधी उलटा फिरवावा. बारीकसा 'टक्' असा धक्का बोटांना जाणवतो. तेव्हा स्क्रू जुन्या आट्यांवर आलेला असतो. मग सुलटा आवळावा. असे न करता जोर लावला की नवे आटे पडतात, जुने कापले जातात आणि भोक बाद होते. धातूत जाणारा स्क्रू मात्र थरथरीने सुटतो, म्हणून त्याला आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा एक थेंब द्यावा. तो द्रव प्लॅस्टिकवर लागू देऊ नये. त्याने प्लॅस्टिकला चिरा जातात.

सर्व्होची भुजा बसविण्यापूर्वी सर्व्होला वीज देऊन तो मध्यावर आणणे आवश्यक आहे. मी ही पायरी वगळली. परिणामी ट्रक डावीकडे पुरा वळे व उजवीकडे अर्धाच, आणि शेवटच्या टोकाला सर्व्हो गुणगुणत राही. ते गुणगुणणे म्हणजे सर्व्हो अडथळ्याशी झगडत असल्याची खूण असते. तसाच ठेवला तर तो तापून जळतो. भुजा काढून पुन्हा बसविली तेव्हा दोष गेला.

जुळणीत आणखी एक गोष्ट घडली. मागील चाकाची भुजा धरणाऱ्या आधाराचा एक स्क्रू नीट धरीना. तो फिरे, पण आवळला जात नसे. "प्लॅस्टिकच हलके आहे" असे म्हणून मी पुढे गेलो.

पुढच्या चाकांची जोडणी ही १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ ॲकरमन यांनी घोडागाडीसाठी पेटंट घेतलेल्या कल्पनेवर आधारलेली आहे. वळणावर आतील चाक लहान वर्तुळात फिरते व बाहेरील मोठ्या. म्हणून आतील चाक अधिक वळावे लागते. दुव्यांची लांबी पुस्तिकेप्रमाणे ठेवली म्हणजे हे आपोआप साधते.

गिअर आणि डिफरन्शियल

वळणावर मागील दोन चाकांचाही वेग सारखा राहत नाही. आपल्या बैलगाडीला हा प्रश्न पडत नाही, कारण तिची दोन्ही चाके स्थिर आसावर आपापल्या परीने फिरतात. परंतु जेथे यंत्राने चाके फिरवावयाची तेथे दोहोंना शक्ती द्यावयाची आणि वेगवेगळे फिरूही द्यावयाचे, असा पेच पडतो. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२७ साली ज्या गिअर-जुळणीने हा पेच सोडविला, तीच डिफरन्शियल या नावाने जीपमध्ये, ट्रॅक्टरमध्ये आणि या दोन किलोच्या ट्रकमध्येही आहे. ते चार-पाच छोटे शंकूच्या आकाराचे गिअर हातात घेऊन वडील बराच वेळ पाहत बसले होते. त्यांनी आयुष्यभर तेच गिअर दोन हातांनी उचलले आहेत.

वेगाचा हिशेब सोपा आहे. समजा, मोटरच्या पिनियनला २० दाते आहेत व त्यास लागणाऱ्या मोठ्या गिअरला ८७. भागाकार ४.३५ येतो. पेटीतील पुढील गिअरांचे गुणोत्तर २.६ असेल तर एकूण ४.३५ × २.६ = ११.३१. म्हणजे मोटरचे अकरांहून थोडे अधिक फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. चाकाचा व्यास १० सेंटिमीटर धरला तर त्या फेऱ्यात ट्रक ३१.४ सेंटिमीटर पुढे जातो. मोटर मिनिटास १५,००० फेरे घेत असेल तर ताशी सुमारे २५ किलोमीटर वेग मिळतो. पिनियन २५ दात्यांचा घातल्यास हाच हिशेब ताशी सुमारे ३१ किलोमीटरवर जातो. कागदावर हे आकर्षक दिसते. प्रत्यक्षात मोटरवरचा भार वाढतो, ती अधिक वीज ओढते व तापते. सायकलवाला चढावर मोठ्या दात्यांची चकती घालून पळू पाहतो तसाच हा प्रकार.

पिनियन व मोठा गिअर यांतील अंतरही महत्त्वाचे. फार जवळ असतील तर घर्षण वाढते, फार दूर असतील तर दाते घसरून छिलले जातात. मोटर सरकविण्याची सोय असेल तेथे दोन्ही गिअरांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी दाबून मोटर आवळावी आणि मग चाक फिरवून पट्टी काढून घ्यावी. पट्टीवर दात्यांच्या खुणा स्पष्ट उमटाव्यात, पण ती फाटू नये.

शॉकअप

स्प्रिंग ट्रकला तोलून धरते. तेल स्प्रिंगला शांत करते. तेल नसेल तर एका खड्ड्यानंतर ट्रक चार वेळा उसळेल. तेल भरताना दट्ट्या खाली ओढावा, नळी भरावी, दट्ट्या सावकाश वर-खाली करावा आणि बुडबुडे वर येईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबावे. घाई केली तर हवा आत राहते व दाबताना 'फुस्' असा आवाज येतो. डाव्या-उजव्या जोडीत तेल, लांबी व स्प्रिंग सारखीच हवी. तेलाच्या दाटपणावर उन्हाचाही परिणाम होतो; दुपारी ते पातळ होते आणि सकाळी ठीक वाटणारा ट्रक दुपारी अधिक उसळू लागतो.

बिघाडाचा शोध

आठ दिवसांत ट्रक उभा राहिला. गॅरेजमागील मुरमाच्या मोकळ्या जागेत त्याला सोडला. प्रथम प्रेषक सुरू करावा व मग ट्रक. बंद करताना प्रथम ट्रक व मग प्रेषक. हा क्रम चुकला तर आज्ञा देणारा कोणी नसताना ट्रक सुटण्याचा धोका असतो. क्रम मी पाळला. ट्रक उत्तम पळाला. पाच मिनिटांनी तो एकाएकी थांबला. दहा मिनिटे ठेवल्यावर पुन्हा पळाला आणि तीन मिनिटांनी पुन्हा थांबला. डॉक्टरसाहेबांचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

अशा वेळी मन एकदम सर्वांत महाग वस्तूवर जाते. वेग-नियंत्रक जळाला, असेच मला वाटले. पण वडिलांची एक सवय आहे. गाडी बंद पडली की ते आधी काय चालू आहे ते पाहतात. मीही तसेच केले.

ट्रक थांबल्यावर पुढची चाके वळत होती. याचा अर्थ आज्ञा पोचत होती, ग्राहक शुद्धीवर होता, आणि त्याला वीज देणारा वेग-नियंत्रकाचा भागही शाबूत होता. सबब दोष वेग-नियंत्रकाच्या पुढे, मोटर ते चाक या वाटेवर असावा, किंवा वेग-नियंत्रक स्वतःच्या रक्षणासाठी मोटर बंद करीत असावा. असे तो दोन कारणांनी करतो : विद्युतघट उतरला म्हणून किंवा अतिशय तापला म्हणून.

प्रथम विद्युतघट. आमचा घट निकेलचा, सहा पेशींचा, ७.२ व्होल्टचा होता. वेग-नियंत्रक लिथियम घटासाठी लावलेला असेल तर तो निकेलच्या घटाला अकालीच 'उतरला' समजतो. कारण लिथियमची पेशी ३ व्होल्टच्या खाली गेली तर कायमची खराब होते, म्हणून तेथे मर्यादा वर ठेवलेली असते. पाहिले, तर तो निकेलसाठीच लावलेला होता. पूर्ण भारलेला दुसरा घट लावला. ट्रक पुन्हा पाच मिनिटांनी थांबला. घट निर्दोष ठरला.

आता उष्णता. मोटरवर बोट ठेववेना, वेग-नियंत्रकही चांगलाच तापलेला. म्हणजे भार अधिक होता. भार मोटरमध्येच आहे की तिच्या पुढे? मोटर सोडवून नुसतीच काही क्षण फिरविली. ती मोकळी, शांत व थंड राहिली. तेव्हा दोष गिअरपेटीत किंवा चाकांत असला पाहिजे.

येथे वडील येऊन बसले. मोटर काढलेला ट्रक त्यांनी उचलला आणि मागचे एक चाक फिरविले. दुसरे चाक उलट दिशेने मोकळे फिरले. "डिफ्रेंशियल चांगलंय," ते म्हणाले. नंतर दोन्ही चाके दोन हातांनी धरून एकाच दिशेने फिरविली, डोळे मिटले आणि ट्रक कानाजवळ नेला. "घासतंय. फेऱ्याला एकदा घासतंय."

या दोन कृतींतील तर्क मला नंतर उमगला. एक चाक पुढे व दुसरे मागे फिरते तेव्हा फक्त डिफरन्शियलच्या पोटातील गिअर फिरतात. दोन्ही चाके एकाच दिशेने फिरविली म्हणजे पेटीतील सर्व गिअर फिरतात. पहिल्यात अडथळा नाही व दुसऱ्यात आहे, तर दोष डिफरन्शियलच्या बाहेर पण पेटीच्या आत. चाकांकडे जाणारे दांडे काढून पाहिले, तरी अडथळा कायम राहिला. आता पेटी उघडणे एवढेच उरले.

उघडली. मधल्या गिअरच्या अंगावर वर्तुळाकार चर पडला होता, ग्रीसमध्ये पांढरा भुगा होता, आणि पेटीच्या भिंतीतून एका स्क्रूचे टोक आत डोकावत होते.

वडिलांनी विचारले, "स्क्रू मोजून घातलास का?"

"पुस्तकात चित्र आहे ना आण्णा. चित्राशी लावून पाहिला."

"कुठल्या पुस्तकात?"

मी मोबाइल दाखविला आणि दाखवितानाच चूक माझ्या ध्यानात आली. त्या पुस्तिकेत स्क्रूंची चित्रे खऱ्या मापाची छापलेली असतात. स्क्रू कागदावर ठेवावा, चित्राशी जुळला की तोच घ्यावा, अशी ती सोय आहे. परंतु ते माप कागदावरच खरे. मोबाइलवर पान लहान-मोठे होते. चित्र राहते, माप जाते. शेजारी '३ × १०' असे अंकही स्पष्ट लिहिले होते. मी ते वाचले नाहीत, चित्रच पाहिले. १० मिलिमीटरच्या जागी १२ मिलिमीटरचा स्क्रू गेला. आणि जो मागच्या आधारात धरत नव्हता, तो तेथील बाराचा सोडून घातलेला दहाचा होता. पहिली सूचना आठ दिवसांपूर्वीच मिळाली होती. मी दोष प्लॅस्टिकला दिला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांच्या मुलाला मी सर्व सांगितले. गिअर माझ्या चुकीने गेला, तो मी मागवून देतो, असेही सांगितले. तो म्हणाला, "चर पडलाय, मोडला नाही, चालेल की." चालला असताही. पण चर पडलेला गिअर उडीच्या धक्क्याला केव्हा तुटेल याचा नेम नसतो, आणि तुटलेले दाते उरलेल्या गिअरांनाही खातात. गिअर मी माझ्या पैशांतून मागविला. तो येईपर्यंत सर्व स्क्रू काढून पट्टीने मोजले व पुन्हा बसविले. आणखी एक चुकलेला सापडला, तो सुदैवाने निरुपद्रवी जागी होता. गिअर बदलल्यावर ट्रक पूर्ण घट संपेपर्यंत पळाला. मोटर गरम झाली, पण तिच्यावर बोट ठेवता येत होते.

काही नेहमीचे बिघाड

नव्याने जुळणी करणाऱ्यांसाठी काही लक्षणे व कारणे येथे एकत्र देतो.

१. पुढे जाण्याची आज्ञा दिल्यावर ट्रक मागे जातो : मोटरच्या दोन तारा अदलाबदल झाल्या आहेत का ते आधी पाहावे. तारा बरोबर असतील तर प्रेषकावरील दिशा बदलण्याची कळ पाहावी व वेग-नियंत्रकाला मध्य, पुढे आणि मागे या जागा पुन्हा शिकवाव्यात.

२. वळण उलटे : तारांना हात लावू नये, प्रेषकावरील वळणाची दिशा बदलावी.

३. सरळ सोडला तरी एका बाजूस ओढतो : पुढील दुव्यांची लांबी, टायरची झीज व शॉकअपची जोडी तपासावी. सर्वांत शेवटी प्रेषकावरील सूक्ष्म जुळवणीस हात घालावा. तिने दोष झाकला जातो, दूर होत नाही.

४. मोटर फिरते, ट्रक जागेवर : पिनियनचा छोटा स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवर बसलेला नसतो, किंवा चाकाच्या आसातील पिन पडलेली असते.

५. अंतर वाढले की ट्रक बहकतो : ग्राहकाचा एरिअल मोटर व जाड तारांपासून दूर आहे का, आणि कोठे कापला गेला नाही ना, ते पाहावे.

६. डाख दिलेला जोड तापतो : डाख कच्चा आहे. चांगला डाख चकचकीत असतो. कच्चा मळकट व दाणेदार दिसतो.

मैदानावर

यंत्र निर्दोष झाले म्हणजे चालविणे आले असे नव्हे. मागील चाकांवर चालणारा ट्रक वळणात जोर दिला की शेपूट फिरवितो. म्हणून वळणाआधी वेग कमी करावा व बाहेर पडताना हळूहळू वाढवावा.

सर्वांत मौजेची गोष्ट उडीत दिसते. ट्रक हवेत असताना वेग वाढविला तर त्याचे नाक वर उचलते. ब्रेक लावला तर नाक खाली जाते. जमिनीचा आधार नसताना चाकांना अधिक फिरविले की अंग उलट दिशेने फिरते, हा गतिशास्त्राचा नियम तेथे डोळ्यांनी पाहावयास मिळतो. चालणाऱ्याने चारही चाकांवर उतरावयाचे असेल तर तो निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो.

खेळ झाल्यावर ट्रक तसाच ठेवू नये. आमच्याकडचा मुरूम बारीक असून तो बेअरिंगमध्ये शिरतो. कोरड्या ब्रशने माती झाडावी, चाके हाताने फिरवून आवाज ऐकावा, स्क्रू तपासावेत. निकेलचा घट थंड झाल्यावरच पुन्हा भारावा. लिथियमचा असेल तर भारताना त्याच्याजवळून उठून जाऊ नये. फुगलेला घट वापरू नये.

समारोप

वर्गात आपण उतारा वाचतो तेव्हा त्यातील शब्दाचा अर्थ चुकला तर एखादा गुण जातो, फार झाले तर सर रागावतात. येथे अंक न वाचता चित्र पाहिले तर गिअरला चर पडला. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिला. त्यामुळे पुस्तिका हाती घेतल्यावर आता चूक होणार नाही असे मला वाटले होते, आणि बहुधा वडिलांनाही वाटले असावे. त्यांनी मात्र ते कधी बोलून दाखविले नाही.

डॉक्टरसाहेब ट्रक न्यायला आले तेव्हा गिअरचे पैसे देऊ लागले. वडिलांनी ते घेतले नाहीत. चर पडलेला तो गिअर मी टाकलेला नाही. गॅरेजमधील स्क्रूंच्या डब्यात तो आहे, आणि त्या डब्यात आता एक पट्टीही असते.